पलंगाखालची पाहुणी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या महिन्यात याच जागेवरून लोणची-मुरंब्यांवर फार सुरेख भाषण झाले. आता मी मांजरावर बोलणार म्हटल्यावर दोघीतिघी गालांत हसल्या, हे मी पाहिले आहे. पण आपल्या हॉलमागे पाण्याच्या टाकीपाशी एक मांजरी तीन पिले घेऊन राहिली आहे, आणि तिचे काय करायचे हा प्रश्न आज सभेपुढे यायचाच आहे. त्याआधी माझी फजिती ऐकून घ्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या आजी वारल्या. मागे राहिली त्यांची पाच वर्षांची मनी. आजींखेरीज ती कोणाच्या वाऱ्याला उभी राहत नसे. तिला गोणपाटात घालून मासळीबाजारात सोडून यायचे ठरत होते. मला राहवले नाही, मी म्हटले, "थांबा, मी नेते." आमच्या घरी मात्र यांनी अट घातली : एक महिना. तेवढ्यात मांजर रुळले नाही, तर दुसरी सोय बघायची.

मनी आली ती थेट पलंगाखाली गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. महिन्याची मुदत माझ्या डोक्यावर. मी वाकवाकून हाका मारल्या, दुधाची बशी पुढे सरकवली, आणि नवव्या दिवशी पाहुणे आले तेव्हा त्यांना दाखवावी म्हणून हात घालून तिला ओढून बाहेर काढले! मनगटावर चार ओरखडे उमटले. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि दवाखान्यात जाऊन इंजेक्शने घेतली. तुमच्यावर असा प्रसंग आला तर हळद भरून गप्प बसू नका. पण खरे नुकसान मनगटाचे नव्हते. त्या दिवसापासून माझे पाऊल वाजले की मनी अंग चोरून घेई. नऊ दिवसांची पुंजी मी एका क्षणात घालवली होती.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "ती तुमच्याकडे यावी असे म्हणता, पण न येण्याची मोकळीक तिला दिलीत का?" मी निरुत्तर झाले.

लपणे हा मांजराचा हट्ट नव्हे. तो त्याचा धीर आहे. नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना लपायला खोके दिले होते, काहींना नाही. खोकेवाली मांजरे लवकर स्थिरावली. मी एक पुठ्ठ्याचे खोके कोपऱ्यात आडवे ठेवले आणि आजींच्या मुलाकडून त्यांची जुनी गोधडी मागून आणून त्यात अंथरली. न धुता, बरे का! मांजराची ओळख नाकाने पटते. त्या रात्री मनी गोधडीवर निजली.

दुसरी गोष्ट खाण्याची. दुधाची बशी बंद केली, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडते. त्याऐवजी मीठ-मसाल्याशिवाय उकडलेली, काटे काढलेली मासळी ठरल्या वेळी देऊ लागले. आपल्या ताटातली आमटी-भाजी चुकूनही घालू नका. कांदा आणि लसूण मांजराला विषासमान आहेत. मांजराने पुरता एक दिवस तोंडात काही घेतले नाही, तर मात्र वाट न पाहता डॉक्टर गाठावा. वाटी खोक्याशी ठेवून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसे आणि तांदूळ निवडी. रोज वीतभर जवळ सरके. तिने खाणे थांबवून मान वर केली, की दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर मागे.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. टक लावून पाहणे मांजराला धमकीसारखे वाटते. म्हणून थोडे तिरपे बसावे, डोळे अर्धवट मिटावे, क्षणभर पुरते मिटून सावकाश उघडावे. हे मलाही थोतांड वाटले होते. पण इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले, की अनोळखी माणसानेही असे डोळे मिटले तर मांजरे त्याच्या हाताजवळ अधिक येतात.

चौथी गोष्ट हाताची. हात डोक्यावरून नेऊ नये. एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरून थांबावे. तिने हुंगून गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली खाजवावे. पोटाला आणि शेपटीला हात नको. शेपटी झटकू लागली, कान मागे गेले, की आपणच हात आवरावा. ते तिला कळते, आणि पुढच्या वेळी ती थोडी अधिक थांबते.

महिना संपला, तरी मनी दिवसा खोक्याबाहेर येत नव्हती. मी मनाची तयारी करून स्वयंपाकघरातून बाहेर आले, तो पाहते काय, आमचे हे वर्तमानपत्र घेऊन जमिनीवर तिरपे बसलेले, आणि खोक्याकडे बघून सावकाश डोळे मिटताहेत! मुदतीचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी, मी तांदूळ निवडत असताना, मनी आपण होऊन आली, माझ्या गुडघ्याला गाल घासला आणि हातभर अंतरावर बसली. आजही ती मांडीवर बसत नाही. हातभर अंतरावर बसते. तिला तेवढेच रुचते, आणि आता मलाही.

आता टाकीपाशी राहणाऱ्या पिलांकडे येते. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श या विदुषींनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासावरून असे दिसते, की पिलांना माणसाचा लळा लागण्याचा खरा काळ दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा. पुढेही लळा लागतो, पण मनीसारखे महिने घालवावे लागतात. आपली पिले आज चार आठवड्यांची आहेत. म्हणजे आपल्या हाती आहेत तीन आठवडे.

तेव्हा माझी सूचना अशी. टाकीवर पाणी मारून त्यांना हुसकू नये. रोज चौघी-पाचजणींनी आळीपाळीने दहा-दहा मिनिटे द्यावीत. निरनिराळ्या हातांची सवय झालेली पिले पुढे परक्यांना कमी भितात. आधी आईला खाऊ घालावे, ती गुरगुरली तर मागे सरावे, आणि मग पिलांना हळूच हाताळावे. दूध सुटून ती धड खाऊ लागली, की त्यांच्यासाठी घरे शोधू, आणि आईचे नसबंदीचे ऑपरेशन करून घेऊ. नाहीतर पुढच्या वर्षी हेच भाषण मला पुन्हा करावे लागेल!

दाराशी वही ठेवली आहे. जिला जमेल तिने आपली वेळ लिहावी. पहिली ओळ मी भरली आहे : रोज सकाळी साडेसात.