हरवलेली नोंद



शाळेच्या कचेरीतली आवक-जावक बारनिशी आपणांस ठाऊक आहेच. प्रत्येक कागदाला अनुक्रमांक असतो. ४१ नंतर एकदम ४५ दिसला, की मधले तीन कागद कुठे गेले, असे मुख्याध्यापक विचारणारच. संगणकाच्या पोटातही अशीच एक बारनिशी चालते.

लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहावयास घेतले. हा संगणक चालविणारा गाभा आहे. आज अँड्रॉइड फोनातही तोच असतो. काम करता करता तो टिपणे लिहीत जातो : अमुक यंत्र जोडले, हार्ड डिस्कचा तमुक भाग वाचता आला नाही. बिघाड झाला की दुरुस्त करणारा माणूस आधी ही टिपणे पाहतो.

पण या वहीची जागा मोजकी. म्हणून ती रहाटगाडग्यासारखी फिरते. माळ तीच, गाडगी तीच, पाणी तेवढे नवे. नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी बसते. वाचणारा मागे पडला, तर न वाचलेली नोंदही पुसली जाते. त्याला इलाज नाही. मात्र ती गेली, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. कळले तर तो आणखी शोध घेईल; न कळले तर "डिस्क ठणठणीत आहे" म्हणेल आणि लोकांचे हिशेब त्याच डिस्कवर ठेवीत राहील.

मग हे ओळखावे कसे? जुनी रीत अशी, की वाचण्यापूर्वी विचारायचे : "मला हवी ती नोंद अजून आहे ना?" पूर्वी वहीला कुलूप असे. एकजण वाचीत असता दुसऱ्याला लिहिता येत नसे, म्हणून ही रीत चाले. पण लिहिणाऱ्याचा खोळंबा होई. डिसेंबर २०२० मध्ये निघालेल्या ५.१० आवृत्तीत बिनकुलपाची वही आली आणि पुढे ते जुने कुलूपही निघाले.

आता जुनीच रीत या वहीला लावली तर काय होईल, बघा. "४२ आहे ना?" "आहे." एवढ्यात लिहिणारा तीन नोंदी पुसून मोकळा! वाचणाऱ्याच्या हाती ४५ येते, आणि तो बिनघोर पुढे जातो.

दुरुस्ती साधी आहे. आधी विचारून भागत नाही; हाती आलेल्या नोंदीवरचा आकडा पाहावयाचा. हवी होती ४२, आली ४५, म्हणजे तीन गेल्या. तसे उघड सांगावयाचे, मग पुढे वाचावयाचे. इतक्या नोंदी गळाल्या, अशी ओळ लिनक्सच्या पडद्यावर उमटते, ती याचसाठी.

शिक्षकबंधूंनो, आपली बारनिशी उघडून हे मुलांना जरूर दाखवा. हजेरीचेही तसेच. "सगळे आले ना?" असे दारात विचारून ती भरत नाही, वर्गात बसलेली डोकी मोजावी लागतात.