घरपट्टीचा हिशेब

स्वतःच्याच घरांत राहणाऱ्या गृहस्थास घरपट्टीचें बिल पाहून प्रश्न पडतो: भाडें तर कोणी देत नाहीं, मग हा आकडा आला कोठून? मुंबईपुरतें उत्तर १८८८ च्या कायद्यांत होतें. घर भाड्यानें दिल्यास वर्षाकांठीं जें वाजवी भाडें येईल, त्यांतून दुरुस्तीदाखल शेंकडा १० वजा जातां उरे तें करपात्र मूल्य. पुढें भाडेनियंत्रणानें जुनीं भाडीं गोठलीं. ऐसपैस जुन्या जागेस कर थोडा, शेजारच्या नव्या दोन खोल्यांस जबर, असा विचित्र न्याय झाला. म्हणून २०१० पासून भांडवली मूल्य आलें. त्यांत बाजारभाव, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर व इमारतीचें वय पाहतात. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांस २०२२ पासून माफी मिळाली. इतरांनीं बिलावरील क्षेत्रफळ व बांधकामाचें वर्ष ताडून पाहावें; हरकतीची मुदत पुष्कळदां बिल फडताळांत असतांनाच सरते.