दार लावून बोलायची गोष्ट
(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी "ऑनलाइन समुपदेशनावर चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटले होते. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करणारी बाई आहे. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घराने संगणकासमोर बसून हे समुपदेशन घेतले आहे, आणि त्याबद्दल आपल्या मंडळींत कोणी उघड बोलत नाही हेही पाहिले आहे. म्हणून उभी राहिले. घरच्यांची परवानगी घेतली आहे. मुलाने एकच अट घातली आहे, की त्याचे मार्क सांगायचे नाहीत.

आम्ही बदलीवर नाशिकहून म्हैसूरला आलो तेव्हा मुलगा आठवीत होता. शाळेत इंग्रजी, मैदानावर कन्नड आणि घरात मराठी, असा त्याचा तिहेरी संसार सुरू झाला. पहिले वर्ष बरे गेले. मग तो हळूहळू बोलेनासा झाला. काही विचारले की "गोत्तिल्ला" म्हणायचा आणि खोलीचे दार लावून घ्यायचा. हे म्हणत, तू लाडावून ठेवला आहेस. सासूबाई म्हणत, गाव सोडल्याचा परिणाम. मी दोघांवर चिडायची. शेवटी शेवटी आम्हा नवराबायकोचे बोलणे गॅसचा सिलिंडर आणि दुधाचा हिशेब यापलीकडे जाईना. यात मारहाण नाही, व्यसन नाही. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे छानच. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असेच असते, म्हणूनच ते वर्षानुवर्षे तसेच राहते.

आधी आम्ही इथल्याच एका समुपदेशक बाईंकडे गेलो. बाई चांगल्या होत्या, पण बोलणे इंग्रजीतून. आणि इंग्रजीत आम्ही तिघेही फार सभ्य माणसे आहोत हो! तीन भेटींत कोणाचा आवाज चढला नाही, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही आणि काही हललेही नाही. मग एका नातलगाने महाराष्ट्रातल्या मराठी समुपदेशक सुचवल्या, आणि पडद्यावरच्या भेटी सुरू झाल्या. दुसऱ्या भेटीत त्यांनी मुलाला सहज विचारले, "आई रागावली की तुला काय म्हणते?" तो म्हणाला, "घुम्या." मी हसले. माझ्या लेखी तो लाडाचाच शब्द. तो पुढे म्हणाला, "पाहुण्यांसमोर पण म्हणते. मग मी ठरवलं, तिचं खरं होऊ दे." त्या दिवशी मी पुढची वीस मिनिटे काहीच बोलू शकले नाही. आता "घुम्या"चे इंग्रजी तुम्ही मला करून दाखवा.

म्हणून परगावी राहणाऱ्यांना या सोयीचा मोठा फायदा मी हा मानते. वेळ वाचतो, रिक्षाचे पैसे वाचतात, ते ठीकच. पण ज्या भाषेत आपण भांडतो त्या भाषेत ऐकणारे माणूस मिळते.

दूर बसून मनातले विचारणे मराठी माणसाला नवे नाही. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात १९२७ पासून १९५३ पर्यंत वाचक अगदी खासगी शंका पत्राने विचारत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरे देत. आणि आपल्या म्हैसूरचे पाहा. १९३५ मध्ये इथे राहत्या घरातून रेडिओ केंद्र सुरू करणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी हे महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. 'आकाशवाणी' हे नाव प्रथम त्या केंद्राचे. दुरून आलेल्या आवाजाचे मनाशी नाते असते, हे या गावाला निराळे सांगायला नको.

आता अडचणी. सर्वांत मोठी अडचण नेटची नसून दाराची असते. सासूबाई बाहेर पोथी वाचत बसलेल्या, कामवाली भांडी घासते आहे, आणि आत तुम्ही नवऱ्याबद्दल काय बोलणार? आम्ही दोघांच्या भेटी कुक्करहळ्ळी तलावाजवळ गाडी उभी करून, काचा वर करून घेतल्या आहेत. फिरायला आलेले ओळखीचे लोक काचेवर टकटक करत, तेव्हा ऑफिसची मीटिंग आहे असे खुणेने सांगायचे. ऐन रडायच्या वेळी आवाज तुटायचा, ते निराळेच. तेव्हा आधी ठरवून घ्या, की फोन तुटला तर परत कोणी लावायचा. इअरफोन वापरा. आणि मुलाच्या भेटीच्या वेळी आईने दाराला कान लावू नये. मी लावला होता, पकडली गेले.

दुसरे म्हणजे माणूस नीट पाहून घ्या. 'समुपदेशक' अशी पाटी लावणारे सगळेच शिकलेले असतात असे नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, ती विचारायला लाजू नका. औषध लागले तर ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच देतात, समुपदेशक नव्हे. ठाण्याची, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आय.पी.एच. ही संस्था आपल्या माहितीची आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आय-कॉल' २०१२ पासून फोनवर आणि ई-मेलवर समुपदेशन देत आली आहे. सरकारी सोय म्हणजे 'टेली-मानस', नंबर १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास आणि मोफत आहे, फोन लागल्यावर भाषा निवडता येते, आणि तिचे मुख्य केंद्र आपल्या शेजारी, बंगळूरच्या निम्हान्समध्ये आहे. २०२४ मध्ये तिचे ॲप आले. व्हिडिओवर बोलण्याची सोय सुरुवातीला ज्या तीन राज्यांत झाली त्यांत कर्नाटकही होते. बँकेतल्या एका सहकाऱ्याला मी हा नंबर दिला, तर तो म्हणाला, "मॅडम, मी वेडा वाटलो काय?" आठ दिवसांनी त्यानेच नंबर पुन्हा मागून घेतला.

पण सगळेच पडद्यावर सोपवू नये. ज्या घरात नवरा हात उचलतो, तिथे दोघांनी एकत्र बसून ऑनलाइन बोलणे धोक्याचे आहे. भेट संपल्यावर समुपदेशक पडद्याआड जातात, बाई मात्र त्याच खोलीत त्याच्यासमोर उरते. अशा बाईने एकटीने, घराबाहेरून बोलावे. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि लगेच मदत हवी असेल तर ११२. मुलांसाठी १०९८ आहे. कोणी जिवाचे बरेवाईट करायचे बोलत असेल, तर पुढच्या आठवड्याच्या भेटीची वाट पाहायची नाही, त्या माणसाला एकटे न सोडता सरळ दवाखान्यात न्यायचे. आणि अगदी लहान मूल पडद्यासमोर पाच मिनिटेही बसत नाही. त्याच्यासाठी समोरासमोरची भेटच बरी, मग भाषा कोणतीही असो. लहान मुलाला खेळता आले की पुरते.

आमच्या घरी सगळे सुरळीत झाले का, असे आताच मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटले. नाही. मुलगा बोलतो, पण त्याच्या सवडीने, बहुधा रात्री साडेदहाला, मी अगदी झोपायला टेकले की. तेव्हा उठून बसायचे, हे मी शिकले. माझे आणि ह्यांचे भांडण होतेच. पूर्वी सिलिंडरवरून सुरू होऊन माझ्या माहेरापर्यंत जायचे. आता बहुतेक वेळा सिलिंडरवरच थांबते. सासूबाईंना आम्ही गाडीत बसून काय करत होतो ते अखेर सांगितले. त्या म्हणाल्या, "मला का नाही बसवलंत?" पुढच्या महिन्यात त्यांची पहिली भेट ठरली आहे, आणि त्यांना खोली हवी आहे, गाडी नको.

टेली-मानसचा नंबर मी चिटणीसांना फलकावर लिहायला दिला आहे. आणखी काही विचारायचे असेल तर प्रसादाच्या रांगेत नको. मी रोज संध्याकाळी सातनंतर घरी असते. चहा घ्यायला या, दार लावून बोलू.