शिष्यवृत्ती येईपर्यंत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव समारंभप्रसंगी केलेले भाषण)



गुणवंतांच्या सत्कारप्रसंगी बोलणाऱ्याने विद्येचा महिमा गावा असा प्रघात आहे. तो आज किंचित मोडण्याची अनुज्ञा असावी. शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि तिचे पैसे हाती पडणे यांमध्ये जो काळ जातो, त्याविषयी मला बोलावयाचे आहे. कारण पुष्कळ मुलांची खरी परीक्षा त्याच काळात होते.

आपल्या परळचेच उदाहरण घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड. ती मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करीत, परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी पैसा साठविला. त्याला शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांची जोड मिळाली, तेव्हाच १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. मागे रमाबाईंनी परळचा संसार ओढला. एवढ्या अलौकिक बुद्धीच्या पुरुषाचीही विद्या पैशाअभावी तीन वर्षे अडून राहिली, मग आपल्या मुलांची काय कथा!

आज शासनाच्या शिष्यवृत्त्या पुष्कळ आहेत आणि अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. परंतु फी पुष्कळदा प्रवेशाच्या वेळी भरावी लागते, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता कधी येईल हे कोणासही निश्चित सांगता येत नाही. ‘बाजारात तुरी’ अशी ही स्थिती. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, मंजूर झालेली रक्कम ही हातची रक्कम समजू नये. महिन्याचा हिशेब घरात प्रत्यक्ष येणाऱ्या पैशावरच मांडावा. शिष्यवृत्ती आली की प्रथम उसनवारी फेडावी आणि उरेल ते पुढील वर्षाच्या फीसाठी वेगळे ठेवावे.

दुसरे, विलंबाचे एक कारण आपल्याच हाती असते. हे पैसे आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँकखात्यात जमा होतात. मुलाचे खाते एक आणि आधार जोडलेले भलतेच, असे असेल तर रक्कम अनपेक्षित ठिकाणी जाते किंवा अडकून राहते. बँकेत जाऊन याची खात्री आधीच करून घ्यावी. उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्याच्या सुटीतच काढावा, आणि अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते हे विसरू नये.

तिसरे, फी हप्त्यांनी घेण्याची विनंती कॉलेजकडे लेखी करावी व तिची पोच घ्यावी. पुस्तके कॉलेजच्या पुस्तकपेढीतून घ्यावीत. रेल्वेचा सवलतीचा पास मासिकाऐवजी त्रैमासिक काढल्यास स्वस्त पडतो. या बाबी क्षुल्लक वाटतील. पण ज्या घरात महिनाअखेर दूधवाल्याला ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणावे लागते, तेथे त्यांचे मोल कळते.

आता जी गोष्ट बोलण्यास संकोच वाटतो ती बोलतो. आपल्याच ज्ञातीतील लालबागच्या एका मुलीने फीसाठी मोबाइलवरून झटपट कर्ज घेतले. एकेकाळी गिरणी कामगाराच्या दारात व्याजासाठी पठाण उभा राहत असे. आता तो खिशातच वाजतो, एवढाच फरक. घरी तिने अवाक्षर काढले नाही. आईवडिलांची समजूत अशी की, फी शिष्यवृत्तीतून गेली. त्याच वर्षी याच व्यासपीठावर आम्ही तिला हार घातला, पाकीट दिले, छायाचित्र काढले. पाकिटातील रक्कम तिच्या थकलेल्या व्याजालाही पुरली नाही. तिला पैशाची गरज जुलैत होती. आम्ही ते डिसेंबरात दिले, कारण संमेलन डिसेंबरात असते! निवडसमितीवर मीही होतो. आमच्या औदार्यात खोट नव्हती. खोट होती ती वेळेत.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. बक्षिसे खुशाल संमेलनात द्यावीत. परंतु निधीचा काही भाग ‘फिरता निधी’ म्हणून वेगळा काढून जूनमध्येच बिनव्याजी उसना द्यावा. शिष्यवृत्ती जमा झाली की पंधरा दिवसांत विद्यार्थ्याने तो परत करावा, म्हणजे तोच रुपया पुढील वर्षी दुसऱ्या मुलाच्या कामी येईल. जामीन म्हणून ज्ञातीतील एका सभासदाचा शब्द पुरेसा मानावा. आणि मुख्य म्हणजे, घेणाऱ्याचे नाव कोणत्याही अहवालात वा स्मरणिकेत छापू नये. भथेनांनी कर्ज दिले ते मित्राला. समारंभ करून नव्हे.

पालकांनो, मुलांना पैशाची अडचण विचारण्यास लाजू नका. विद्यार्थ्यांनो, ती सांगण्यास लाजू नका. शिष्यवृत्तीची वाट पाहणे यात कमीपणा नाही. ती वाट एकट्याने पाहावी लागणे, यात मात्र ज्ञातीचा कमीपणा आहे. तो पुढील जूनपूर्वी दूर व्हावा, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.