खाडीकाठचा खारा भात
रायगड जिल्ह्यातल्या खारजमिनीत भाताचे पीक बांधाच्या भरवशावर उभे असते. बांध भरतीचे पाणी अडवतो. ओहोटीला शेतातले जादा पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, खाडीत जाते. उन्हाळ्यात जमिनीखालचे क्षार वर चढून पांढरा थर धरतात. जूनच्या सरींनी ते धुतले गेले, की मगच लावणी साधते. पाऊस लांबला तर रोपे करपतात. समुद्राची पातळी वाढते आहे, तसा बांधावरचा ताणही. बांध फुटून खारे पाणी शिरले, तर पुढचे हंगामही हातचे जातात. म्हणून डागडुजीतली दिरंगाई फार महाग पडते. पारंपरिक राता भात आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-1, पनवेल-3 हे वाण क्षार बऱ्यापैकी सोसतात. शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवले, तर उघडिपीतही रोपे तगतात.