कूटचं राशन

मी मयूर विहार फेज एकमधून बोलतोय. मध्येच कुकरची शिट्टी किंवा भाजीवाल्याची हाळी ऐकू आली तर सांभाळून घ्या, दिल्लीच्या फ्लॅटमध्ये स्टुडिओ नसतो.

या मालिकेत लढायांवर बरंच बोलून झालंय. मला बोलावलं तेव्हा मी आधीच सांगितलं, की मी आर्मी सर्व्हिस कोअरमधला माणूस. आटा, डाळ, तेल, रॉकेल, बटाटे यांत नोकरी गेली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. तेव्हा मी राशनवर बोलणार.

आमच्या इथल्या बागेत सकाळी चार-पाच निवृत्त फौजी जमतात. त्यात एक हवालदार आहेत, साताऱ्याकडचे. मुलाची नोकरी इकडे म्हणून तेही इकडे. पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे जंगी पलटणीचे. ही पलटण १९८७ साली शांतिसेनेत श्रीलंकेला गेली, जाफन्याच्या लढाईत होती. मी १९८८ मध्ये तिथे गेलो, पलाली विमानतळावर, सप्लायमध्ये. त्यामुळे आमची रोजची भांडणं ठरलेली. ते म्हणतात, "साहेब, तुमचा कांदा आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याला कोंब फुटलेले असायचे." मी म्हणतो, कांदा माझ्याकडे आला तेव्हाच फुटलेला होता.

पण गंमत सोडा. पलाली ते जाफना शहर सोळा-सतरा किलोमीटर. इथून करोल बाग जेवढं, तेवढंच. पण रस्त्यात सुरुंग पुरलेले. आधी पायी तुकडी रस्ता तपासत जाणार, मग ट्रक सुटणार. एक सुरुंग सापडला की दिवस गेला. मग हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टरमध्ये आधी दारूगोळा, मग औषधं, मग आटा, आणि शेवटी जागा उरली तर भाजी. येताना त्यातूनच जखमी आणायचे. भारताचा किनारा इतका जवळ, आणि भाजीला जागा नाही. हवालदार म्हणतात, जाफन्यात नारळ इतके खाल्ले की घरी आल्यावर खोबऱ्याची चटणी नको वाटायची.

एका सकाळी गोष्ट कूटवर गेली. दुसऱ्या एका रेजिमेंटचे एक गृहस्थ म्हणाले, "कूटमध्ये तुमचे लोक धर्मापायी मेले. घोड्याचं मांस खा म्हटलं तर खाल्लं नाही." हवालदार गप्प बसले. मला ते गप्प बसणं सहन झालं नाही. कारण जंगी पलटण म्हणजे पूर्वीची १०३ वी मराठा, आणि ती कूटमध्ये होती. ११० वी मराठा होती, ११७ वी होती. त्यांच्यातली बरीच पोरं रत्नागिरी, सातारा, कुलाबा या भागांतली.

आधी कूट काय ते सांगतो. पहिल्या महायुद्धात हिंदी फौज १९१४ च्या नोव्हेंबरात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली आणि बसरा घेतलं. पुढे टायग्रिस नदीने वर वर सरकत गेली. अमारा घेतलं, कूट घेतलं, बगदाद समोर दिसायला लागलं. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफोनला मार बसला. जनरल टाउनशेंड मागे फिरले आणि कूटमध्ये आले. नदीच्या वळणातलं गाव, तीन बाजूंनी पाणी. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पक्का केला. अखेर २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसं शरण गेली.

आता माझा विषय. बसरा हे तेव्हा नावाचंच बंदर. मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. जहाज नदीत उभं राहायचं, माल हाताने होड्यांत उतरवायचा, होडीतून काठावर. तिथून कूटपर्यंत नदीवाटे चारशे किलोमीटरांहून जास्त. रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही. जे काही वर जायचं ते उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटींतून, आणि अशा बोटी होत्या मोजक्या. फौज पुढे जाईल तसं अंतर वाढत गेलं. जखमी खाली आणायलाही त्याच बोटी. पलालीला आमचं हेलिकॉप्टर तसं तिथे बोट. हिंदुस्तानातल्या नद्यांवरून बोटी मागवल्या, त्यातल्या काही समुद्रातच बुडाल्या. बसऱ्याला माल पडून होता. पोटापर्यंत नेणारं वाहन नव्हतं.

घोड्याच्या मांसाचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. बहुतेक हिंदी शिपायांनी महिनोन्महिने ते खाल्लं नाही. हिंदुस्तानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली, ती आली, तरी नाही. अखेर एप्रिलमध्ये खायला लागले, तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. पण त्या शिपायाच्या जागी बसून बघा. पुढे कधीतरी गावी परतायचं आहे, आणि तिथे पंगतीत कोण बसवून घेणार, पोरीला कोण करून घेणार, ही भीती खोटी नव्हती. आणि त्याची ही भीती त्याला भरती करणाऱ्यांना ठाऊक होती. पलटणी जातवार भरणाऱ्यांना ठाऊक नसेल तर कोणाला असेल?

शिवाय राशनमध्येच फरक होता. गोऱ्या शिपायाला मैद्याचा पाव आणि मांस, आपल्याला आटा. वेढ्यात गोऱ्यांना बेरीबेरी झाला, पायांत ताकद राहीना, कारण मैद्यात ते जीवनसत्त्व नसतं. आपल्या लोकांना आट्याने बेरीबेरीपासून वाचवलं. पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून रक्त यायचं, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. कर्नल हेहिर हे तिथले मुख्य डॉक्टर, त्यांनी हे नोंदवून ठेवलंय. गोऱ्यांना घोड्याच्या मांसाने स्कर्व्हीपासून बऱ्यापैकी वाचवलं. आपली पोरं माळावरचा पाला खुडून भाजी करायची, त्यात विषारी पालाही यायचा.

गावात सातू, म्हणजे जव, सापडला, पण दळायचा कसा? मग विमानातून जात्याचे दगड टाकले. खरंच टाकले. आभाळातून जातं पडल्याचं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. एप्रिलमध्ये विमानातून अन्नही टाकलं, लष्करी इतिहासात वेढ्यातल्या फौजेला असं अन्न पोचवण्याचा हा पहिलाच प्रयत्न मानतात. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. पंधरवड्यात सगळं मिळून आठेक टन. आता सप्लायवाल्याचा हिशेब करा. १३,००० माणसं, दर माणशी अर्धा किलो धरा, रोजचे साडेसहा टन. म्हणजे पंधरवडाभर उडून विमानांनी आणलं ते सव्वा दिवसाचं जेवण. आणि गावातले सुमारे ६,००० अरब रहिवासी तर मी यात धरलेच नाहीत.

२४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची आगबोट २७० टन माल घेऊन निघाली. नदीत ताणलेल्या तारेला अडकली आणि तुर्कांच्या हाती गेली. तोच हिशेब लावा, २७० टन म्हणजे चाळीस दिवस. एका बोटीत चाळीस दिवस होते हो! सोडवायला आलेल्या फौजेचे जवळजवळ २३,००० लोक जखमी झाले किंवा मेले, ते वेगळंच.

पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला, लंडनमधले भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. बसऱ्याला धक्के बांधले, रेल्वे टाकली, बोटी वाढवल्या, आणि ११ मार्च १९१७ ला बगदाद पडलं. पोरं त्याच जातीची आणि त्याच गावांतली होती. बोटी तेवढ्या नव्या होत्या. एवढं मी बागेत सांगितलं. ते गृहस्थ म्हणाले, "असेल." हवालदारांनी चहा मागवला.

इथून निजामुद्दीन पुलावरून यमुना ओलांडली की इंडिया गेट. त्यावर मेसोपोटेमिया हा शब्द कोरलेला आहे, जाल तेव्हा मान वर करून बघा. बसऱ्याजवळ चाळीस हजारांहून जास्त मृतांचं स्मारक आहे. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांची फक्त संख्या, पलटणीच्या नावाखाली.

कोकणात आणि घाटावर अनेक गावांत संगमरवरी पाटी असते, या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके परत आले नाहीत. तिथेही आकडाच. म्हणून ऐकणाऱ्यांना एक काम सांगतो. घरात पणजोबांचं पदक असेल तर बाहेर काढा. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग लावून वाचा, वहीत उतरवून घ्या, फोटो काढा. १०३, ११० किंवा ११७ दिसलं तर आम्हाला जरूर कळवा. आणि कृपा करून ते चिंचेने घासू नका, कडेची अक्षरं झिजतात.