हाटूच्या वाटेवर परत फिरण्याची वेळ



आज मी तुमच्याशी बर्फाबद्दल बोलणार आहे. भिलाईत बसून बर्फाबद्दल बोलणं म्हणजे जरा विनोदच, मला कल्पना आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि बर्फ म्हटलं की लोकांना उसाच्या रसाची गाडी आठवते. पण हे गाव उभं राहिलं तेव्हा इथं बर्फाच्या देशातली माणसं राहून गेली आहेत. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, रशियन इंजिनिअर आले, आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्या लोकांना आपला उन्हाळा नवा होता आणि तो त्यांना शिकून घ्यावा लागला. आपण बर्फात जातो तेव्हा आपल्यालाही तसंच शिकावं लागतं. मी फौजेत असताना शिकलो होतो. तरी साठी उलटल्यावर एका साध्या, एका दिवसाच्या सहलीत माझी चूक झाली. ती चूक सांगायलाच आज बसलोय.

शिमल्याच्या पुढे साधारण ६० ते ६५ किलोमीटरवर नारकंडा नावाचं गाव आहे. उंची सुमारे २,७०० मीटर. तिथून हाटू शिखराकडे एक अरुंद रस्ता जातो. शिखर साधारण ३,४०० मीटरचं, वर हाटूमातेचं लाकडी मंदिर. उन्हाळ्यात गाडी थेट मंदिरापर्यंत जाते. हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली जातो आणि मग ते सात-आठ किलोमीटर पायीच चढायचे. दोन्ही बाजूंना देवदार आणि फरची दाट झाडी. फार सुंदर वाट आहे.

ही वाट मी मुद्दाम निवडली होती. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उघड्या उतारांवर होतात. हाटूची वाट बहुतेक जंगलातून आणि मोटारीच्या रस्त्याच्या बेताच्या चढानं जाते. म्हणजे नवख्या माणसांसाठी बरी. तरी निघण्याआधी हवामानाचा अंदाज आणि हिमस्खलनाचा इशारा दोन्ही बघायचे, यात सवलत नाही.

आम्ही सहा जण होतो. मी, माझा भाचा, त्याचे दोन मित्र, माझा शाळेपासूनचा दोस्त आणि त्याची मुलगी. दोस्ताला आपण भाऊ म्हणू. भाऊची ३५ वर्षं प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर गेली. दीड हजार अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड रोज समोर. तोंड एक मिनिट बंद नाही. दुर्गहून संपर्क क्रांतीत बसलो तेव्हापासून उतरेपर्यंत अख्खा डबा त्यानं हसवत ठेवला. नारकंड्यात आमच्यासोबत एक पहाडी वाटाड्या आला, चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा.

आता स्नोशू म्हणजे काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांनी ते पाहिलेले नसतात. बुटाखाली बांधायची रुंद चौकट. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी लाकडाची चौकट करून त्यात चामड्याच्या वाद्या विणायचे. आता ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकचे येतात. दोन जोड्या माझ्या मुलानं कॅनडाहून आणल्या होत्या, बाकीच्या आम्ही भाड्यानं घेतल्या. त्यामागचं तत्त्व सोपं आहे. बुटाचा तळवा असतो साधारण २५० ते ३०० चौरस सेंटिमीटर. स्नोशूचा त्याच्या चौपट तरी. वजन तेवढंच, पण जास्त जागेवर पसरलं. म्हणून जिथं नुसत्या बुटानं मांडीपर्यंत रुतला असता, तिथं वीतभरच दबता. चिखलाच्या शेतात आपण फळी टाकून जातो ना, तसंच. फक्त ही फळी पायालाच बांधलेली.

मी कॅप्टन असताना गुलमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हे शिकलो. १९४८ मध्ये ती संस्था स्की स्कूल म्हणून सुरू झाली होती. तिथं शिकवलेल्या चार गोष्टी आजही तशाच लागू आहेत. पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाकायचे, नाहीतर आपलाच स्नोशू आपल्याच पायाखाली येतो. मागे पाऊल टाकायचं नाही, मागचा भाग बर्फात रुततो आणि माणूस पाठीवर पडतो. वळायचं असेल तर छोटा फेरा घ्यायचा. उतरताना गुडघे किंचित वाकवायचे. आणि पुढचा माणूस दर दहा-पंधरा मिनिटांनी बदलायचा, कारण ताज्या बर्फात वाट फोडणाऱ्याची दमछाक मागच्यांपेक्षा बरीच जास्त होते.

सकाळी आठला निघालो. निघण्याआधी मी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "एक वाजता जिथं असू तिथून परत. माथा दहा पावलांवर असला तरी परत." जानेवारीत तिथं पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर थंडी झपाट्यानं वाढते. वाटाड्या मान हलवून म्हणाला, "दिन छोटा है, साहब."

पोरं मजेत होती. ऊन पडलेलं, देवदारांवरून बर्फ घसरून भुसकन खाली पडायचा. पहिले दोन तास भाऊचं सुरूच होतं. फर्नेसवर ही थंडी पाठवता आली असती तर पगार वाढला असता, वगैरे. मी पुढे, भाऊ सगळ्यात मागे. आता ही माझी पहिली चूक. सगळ्यात हळू चालणारा माणूस दुसऱ्या नंबरवर हवा, म्हणजे चाल त्याच्या बेतानं राहते. मला हे माहीत होतं. पण भाऊच म्हणाला, "मी मागून येतो रे, तुम्ही व्हा पुढे," आणि मी ऐकलं.

एक वाजला तेव्हा आम्ही एका वळणावर होतो. झाडी विरळ झालेली, वर माथ्याची कड दिसत होती. भाचा म्हणाला, "मामा, फक्त अर्धा तास! इतक्या लांबून आलोय." खरं सांगतो, मलाही वर जायचं होतं. इतक्या वर्षांनी पायात स्नोशू होते आणि पोरांसमोर कर्नलकाका म्हणून मिरवत होतो. मी मागे वळून विचारलं, "सगळे ठीक?" हा प्रश्न मी अशा आवाजात विचारला की त्याला एकच उत्तर होतं. सगळे "हो!" म्हणाले. भाऊनं लांबून अंगठा वर केला. मी म्हटलं, "चला, दीड वाजेपर्यंत."

वीस मिनिटांनी भाऊची मुलगी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "काका, बाबा मघापासून काहीच बोलले नाहीत."

मंडळी, त्या एका वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला. भाऊ गप्प?

मी मागे गेलो. तो चाळीस-पन्नास पावलं मागे उभा होता. एका स्नोशूचा पट्टा सुटला होता, हातमोजे काढून तो लावायला बघत होता आणि बोटं ऐकत नव्हती. अंग थडथडत होतं. मी विचारलं, "भाऊ, आज वार कोणता?" त्यानं बराच वेळ विचार केला आणि जड जिभेनं म्हणाला, "सेकंड शिफ्ट."

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की डोकं असं चालायला लागतं. माणूस अडखळतो, बोलणं जड होतं, हातातून वस्तू पडतात. अंग थरथरतंय तोवर शरीर लढतंय. ऊब न मिळता थरथर थांबली, तर ते फार वाईट लक्षण.

मी त्याच्या जॅकेटची चेन उघडली. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, दोन्ही घामानं चिंब. आणि हे का, ते ऐका. फर्नेसवर काम करणाऱ्याला सुती कपडेच घालावे लागतात. नायलॉन-पॉलिएस्टरवर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. तिथं सुती कपडा जीव वाचवतो. बर्फात तोच सुती कपडा घाम धरून ठेवतो, वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. मी भिलाईतच सगळ्यांना थर्मलची यादी पाठवली होती. भाऊनं थर्मल आणले होते, पण ते बॅगेत होते. त्याच्या अंगावर काय आहे, हे सकाळी हात लावून मी पाहिलं नव्हतं. ही माझी दुसरी चूक.

एका मोठ्या देवदाराच्या आडोशाला बर्फावर फोमची चटई टाकली. ओले कपडे काढले, कोरडे थर्मल घातले, भाच्याचं जास्तीचं जॅकेट, माझी लोकरी टोपी. थर्मासमधला गोड चहा घोट घोट पाजला, कारण तो शुद्धीवर होता आणि गिळू शकत होता. हातपाय चोळले नाहीत. पोरांपैकी एकानं विचारलं, "काका, थोडी रम?" फौजी माणसाकडे रम असणारच, हा सगळ्यांचा समज! रमनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, गरम वाटतं आणि प्रत्यक्षात शरीर आणखी गार पडतं. थंडी बाधलेल्याला दारू कधीही नाही.

अर्ध्या तासानं भाऊनं मला एक शिवी दिली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तेव्हा आम्ही उठलो. माथ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. आपलीच फोडलेली वाट असल्यानं उतरणं सोपं गेलं. वाटाड्या पुढे, भाऊ त्याच्या मागे, भाऊची मुलगी त्याच्या शेजारी. नारकंड्यात पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. दुकानांचे दिवे लागत होते. आम्ही माथ्यावर गेलो असतो तर ही सगळी धडपड वर, उघड्यावर, वाऱ्यात करावी लागली असती आणि उतरताना अंधार झाला असता.

रात्री खोलीतल्या तंदूरजवळ बसलो होतो. तिकडे खोली गरम करायच्या लाकडाच्या शेगडीला तंदूर म्हणतात. भाऊ म्हणाला, "थंडी तर मला अकरालाच वाजत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"अरे, सकाळपासून तू कर्नल होतास. पोरांसमोर कर्नलला काय सांगू, माझा बनियन ओला झालाय म्हणून?"

पन्नास वर्षांची दोस्ती आमची. मी वाटाड्याला विचारलं, तुला दिसलं होतं का? तो खाली बघत म्हणाला, "साहब, मुझे लगा आप देख रहे हैं."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. फौजेत मी जवानांना सांगायचो, तक्रार असेल तर बोला. पण बोलण्यासारखं वातावरण ठेवणं हे माझं काम होतं, त्यांचं नाही. भाऊनं लपवलं, कारण माझ्यासमोर कमजोर दिसायची त्याला लाज वाटली. ती लाज माझ्या आवाजामुळे आली.

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. तुम्ही बर्फात जा, गडावर जा, मैनपाटला थंडीत जा, या उपयोगी पडतील.

निघताना प्रत्येकाच्या अंगावरचे कपडे हात लावून बघतो. संकोच वाटला तरी चालेल. चढाला लागण्याआधी एक थर काढायला लावतो, म्हणजे घाम कमी येतो. "ठीक?" असं विचारत नाही. "शेवटचं पाणी कधी प्यायलास?", "अंगठा करंगळीला लावून दाखव" असं विचारतो. त्याचं उत्तर द्यावंच लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत फिरण्याची वेळ मी ठरवतो, पण घड्याळ सगळ्यात हळू चालणाऱ्याकडे देतो. त्यानं "वेळ झाली" म्हटलं की मी वाद घालत नाही. वेळ सकाळी ठरवतात ती डोकं थंड असताना. दुपारी माथा समोर दिसतो तेव्हा माझंसुद्धा डोकं ठिकाणावर नव्हतं.

या जानेवारीत आम्ही पुन्हा हाटूला निघालोय. भाऊनं थर्मल घरीच घालून बघितले, आणि भिलाईच्या उकाड्यात दोन मिनिटांत काढले. घड्याळ मात्र त्यानं आत्ताच मागून घेतलंय.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या. जय हिंद.